केदार-बदरीची वाट आणि राखीव दिवसांचे पुण्य

वैशाख शुद्ध तृतीया हा आपल्या साडेतीन मुहूर्तांपैकी एक मंगल मुहूर्त. या दिवशी घरोघरी पितरांचे स्मरण होते, उदककुंभाचे दान दिले जाते. तिकडे हिमालयात याच तिथीला गंगोत्री आणि यमुनोत्री येथील मंदिरांची दारे उघडतात आणि त्यामागोमाग केदारनाथ व बदरीनाथ यांचीही. सहा महिने बर्फाखाली असलेली ही धामे पुन्हा गजबजू लागतात आणि आपल्याकडील अनेक घरांत ‘यंदा तरी यात्रा घडावी’ हा विषय निघतो. अशा कुटुंबांसाठी दोन गोष्टी सांगाव्यात, असे आम्हांस वाटते.

तिथींचा क्रम या योजनेस मोठा सोयीचा आहे. बदरीनाथाची दारे केव्हा उघडणार हे वसंत पंचमीस नरेंद्रनगरच्या राजवाड्यात ठरते. केदारनाथाचा दिवस महाशिवरात्रीस ऊखीमठ येथील ओंकारेश्वर मंदिरात जाहीर होतो. महाशिवरात्रीपासून अक्षय्य तृतीया साधारण दोन महिन्यांवर असते. रेल्वेचे आरक्षणही नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते. पूर्वी ही मुदत एकशेवीस दिवसांची होती. म्हणजे महाशिवरात्रीचे पारणे फेडावे आणि तिकिटाच्या तयारीस लागावे, असा हा योग आहे. उत्तराखंड शासनाकडे यात्रेकरूंची नोंदणी करणे अनिवार्य असल्याने तीही त्याच सुमारास उरकून घ्यावी.

परंतु तिकीट मिळाले म्हणजे योजना झाली, असे मात्र नाही. आमची चूक येथेच झाली होती. मातोश्रींना केदार-बदरी घडवावी म्हणून आम्ही जाण्यायेण्यासह अवघे नऊ दिवस काढले. आगगाडीतून उतरताच मोटारीत बसलो आणि घर सोडल्यापासून चौथ्या दिवशी केदारनाथी पोहोचलो. दर्शनापूर्वी अन्नपाणी घ्यायचे नाही, हा मातोश्रींचा नेम. दर्शन झाले, पण रात्री त्यांचे मस्तक भणभणू लागले, ओकाऱ्या झाल्या, धाप लागली. तेथील डॉक्टरांनी ‘उजाडताच खाली न्या’ असे निक्षून सांगितले. गौरीकुंडास उतरताच त्यांना आराम पडला. पुढे दरड कोसळून बदरीनाथचा रस्ता दोन दिवस बंद राहिला आणि परतीचे तिकीट हाती असल्याने आम्हांस अर्ध्यातून माघारी फिरावे लागले. गाडीत मातोश्री एवढेच म्हणाल्या, “देवाने बोलावले नाही असे म्हणू नका रे. आपणच त्याच्यासाठी दिवस ठेवला नाही.”

त्या वाक्याचा अर्थ आम्हांस पुढे कळला. पूर्वीचे यात्रेकरू ऋषिकेशाहून पायी निघत. दर काही कोसांवर ‘चट्टी’ म्हणजे मुक्कामाची जागा असे. बाबा काली कमलीवाले यांच्या नावाने चाललेल्या धर्मशाळांत पाठ टेकायला ठाव मिळे. आठवडेच्या आठवडे चालत वर चढताना शरीर आपोआप विरळ हवेस सरावत असे. १८८६ मध्ये हरिद्वारला आगगाडी आली, पुढे मोटाररस्ते झाले आणि वाटेतल्या चट्ट्या मागे पडल्या. वाट आखूड झाली, पण देह तोच राहिला.

हरिद्वार समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंच. बदरीनाथ ३,१०० मीटरांहून अधिक, तर केदारनाथ सुमारे ३,५८० मीटर. या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दोनतृतीयांशाइतकाच असतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर प्राणवायूही तेवढा कमी मिळतो. म्हणून ३,००० मीटरांच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये, असे वैद्यकशास्त्र सांगते. हेलिकॉप्टरने पायपीट वाचते, परंतु काही मिनिटांतच देह या उंचीवर जाऊन पडतो. वृद्धांच्या बाबतीत हे विशेष ध्यानात ठेवावे.

तेव्हा चट्ट्यांची ती संथ गती आपणच आपल्या वेळापत्रकात परत आणावी. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी दोन्ही धामांसाठी सोळा दिवस धरावेत. पहिले दोन दिवस आगगाडीचे. तिसरा हरिद्वारी गंगास्नान व विश्रांतीचा. चौथा मुक्काम गुप्तकाशीस. पाचव्या दिवशी त्रियुगीनारायणाचे दर्शन घेऊन सोनप्रयाग वा गौरीकुंड येथे राहावे. सहाव्या दिवशी केदारची सुमारे सोळा किलोमीटरांची चढण सुरू करावी. दम लागणाऱ्यांनी वाटेत लिंचोलीस रात्र काढावी. नवव्या दिवसापर्यंत जोशीमठ गाठून दहाव्या दिवशी बदरीनाथ, अकराव्या दिवशी माणा गाव पाहून उतरणे, बाराव्या दिवशी हरिद्वार. तेरावा आणि चौदावा हे दोन दिवस सर्वस्वी राखीव ठेवावेत आणि परतीचे आरक्षण पंधराव्या दिवसाचे करावे. दरड कोसळली वा कुणास ताप आला, तर हे दोन दिवस कामी येतात. काहीच झाले नाही, तर गंगेच्या काठी जप होतो. १६ आणि १७ जून २०१३ रोजी केदारनाथी ओढवलेला प्रलय स्मरून पावसाळ्याचे दिवस शक्यतो टाळावेत.

हृदयविकार, दमा वा रक्तदाब असलेल्यांनी आरक्षणापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चढणीच्या दिवशी निर्जळी उपवास करू नये. थोडे खावे, वारंवार पाणी प्यावे. डोके दुखू लागले, मळमळ सुटली, तर वर जाणे थांबवावे. त्रास वाढल्यास लगेच खाली उतरावे. तसे उतरण्यात श्रद्धेस उणेपणा येत नाही. केदारेश्वर भाऊबीजेपर्यंत तेथेच असतो.

पुढच्या खेपेस आम्ही सोळा दिवस काढले. मातोश्रींनी सकाळी दूध-पोहे घेतले, वाटेत दोनदा मुक्काम केला आणि शांतपणे केदारी पोहोचल्या. बदरीविशालासमोर हात जोडून त्या किती तरी वेळ उभ्या होत्या. ‘गाडीची वेळ झाली’ असे म्हणण्याचा प्रसंग त्या दिवशी आमच्यावर आला नाही.

अक्षय्य तृतीयेस जे द्यावे ते अक्षय्य होते, अशी आपली श्रद्धा आहे. यात्रेस निघणाऱ्या कुटुंबांनी यंदा आपल्या वडीलधाऱ्यांस दोन राखीव दिवसांचे दान अवश्य द्यावे.