प्रवाह आणि चक्र : परिसंस्थेतील ऊर्जा व पोषकद्रव्ये

४.१ प्रास्ताविक

पर्यावरणविषयक मराठी लेखनात आणि उत्तरपत्रिकांत 'ऊर्जाचक्र' हा शब्द अधूनमधून आढळतो. 'जलचक्र', 'ऋतुचक्र', 'जीवनचक्र' या शब्दांच्या पंक्तीत तो सहज बसतो, कानालाही खटकत नाही. आणि तरीही तो चुकीचा आहे. निसर्गात पाणी फिरते, कार्बन फिरतो, नत्र फिरते. ऊर्जा मात्र फिरत नाही. ती येते, वापरली जाते आणि निघून जाते. 'चक्र' म्हटले की मूळ स्थानी परत येणे गृहीत धरलेले असते. 'प्रवाह' या शब्दात ते गृहीत नाही. विज्ञानविषयक लेखन करणाऱ्याने हा भेद काटेकोरपणे पाळला पाहिजे. शब्द घसरला की येथे हिशेबही घसरतो, आणि हा हिशेब अखेर शेताचा आणि रानाचा असतो.

'परिसंस्था' ही संकल्पना ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सली यांनी १९३५ साली मांडली. केवळ सजीवांचा समूह म्हणजे परिसंस्था नव्हे. माती, पाणी, हवा, ऊन हेही त्याच व्यवस्थेचे घटक होत, असा त्यांचा आग्रह होता. पुढील विवेचन या आग्रहावरच उभे आहे.

४.२ ऊर्जेचा प्रवाह

भाताचे खाचर डोळ्यांपुढे आणा. भाताची पाने उन्हाच्या साहाय्याने हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून शर्करा तयार करतात. प्रकाशाची ऊर्जा रासायनिक रूपात बांधली जाते. नाकतोडा पान खातो, बेडूक नाकतोड्याला, धामण बेडकाला आणि सर्पगरुड धामणीला. शालेय पुस्तकांतील ही अन्नसाखळी आपल्या परिचयाची आहे. तीत दिसत नाही ती गोष्ट अशी की, प्रत्येक जीव मिळालेल्या ऊर्जेचा मोठा भाग श्वसन, हालचाल, शरीराची झीज भरून काढणे यांवर खर्च करतो. खर्च झालेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने आसमंतात पसरते. या विखुरलेल्या उष्णतेपासून कोणतेही झाड पुन्हा शर्करा बनवू शकत नाही. म्हणून सूर्याचा पुरवठा अखंड चालू राहावा लागतो. या उष्णतेला 'वाया गेलेली ऊर्जा' म्हणण्याचा प्रघात आहे, तो मला मान्य नाही. ती जगण्याची किंमत आहे.

हा हिशेब एका तळ्याच्या संदर्भात प्रथम नेटकेपणाने मांडला तो रेमंड लिंडमन या तरुण अमेरिकन संशोधकाने. मिनेसोटा राज्यातील सीडार बॉग या लहानशा तळ्यातील वनस्पती, प्राणी आणि गाळ यांचा अभ्यास त्याने काही वर्षे केला. त्याचा निबंध परीक्षकांनी प्रथम नाकारला. एका तळ्याच्या आधारावर एवढा मोठा सिद्धान्त उभारणे त्यांना घाईचे वाटले. जी. एव्हलिन हचिन्सन यांनी त्याची बाजू लावून धरली आणि १९४२ साली निबंध छापून आला. परंतु काही महिने आधीच, वयाच्या अवघ्या २७व्या वर्षी लिंडमनचे निधन झाले होते.

त्याचे आकडे पाहण्यासारखे आहेत. तळ्यावर पडणाऱ्या सौर ऊर्जेपैकी जेमतेम ०.१ टक्का वनस्पतींनी बांधली. वनस्पतींच्या ऊर्जेपैकी १३.३ टक्के शाकाहारी जीवांकडे आणि त्यांच्याकडील ऊर्जेपैकी २२.३ टक्के मांसाहारी जीवांकडे गेली. पाठ्यपुस्तकांतील 'दहा टक्क्यांचा नियम' म्हणजे अशा अनेक मोजणींवरून काढलेला ढोबळ अंदाज आहे, निसर्गाने घालून दिलेला दर नव्हे. परीक्षेत तो जरूर लिहावा, पण 'साधारणतः' हा शब्द विसरू नये. या गळतीमुळेच अन्नसाखळ्या बहुधा चार-पाच कड्यांपलीकडे लांबत नाहीत, आणि एका सर्पगरुडाला पोसायला कितीतरी मोठा टापू लागतो.

आणखी एक बाब. जंगलातील बहुतेक पाने हिरवी असताना खाल्लीच जात नाहीत. ती वाळतात, गळतात आणि मग वाळवी, गांडुळे, बुरशी व जिवाणू यांच्या वाट्याला येतात. जंगलातील ऊर्जेचा मुख्य प्रवाह वाघाच्या तोंडातून नव्हे, तर पाचोळ्यातून वाहतो. येथूनच आपण दुसऱ्या विषयाकडे वळतो. कारण पाचोळ्यातील ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते, पण त्यातील नत्र, स्फुरद, पालाश मागे उरतात.

स्वयं-अध्ययन प्रश्न : 'ऊर्जेचा पुनर्वापर' हा शब्दप्रयोग परिसंस्थेच्या संदर्भात योग्य ठरेल काय? आपले उत्तर चार-पाच वाक्यांत लिहा.

४.३ पोषकद्रव्यांचे चक्र

पोषकद्रव्ये सूर्याकडून येत नाहीत. पृथ्वीवर जेवढी आहेत तेवढीच पुन्हा पुन्हा वापरली जातात. मात्र प्रत्येकाची वाट निराळी. हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू आहे, पण वनस्पतींना तो थेट घेता येत नाही. तूर, हरभरा, भुईमूग यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू तो त्यांना वापरता येईल अशा रूपात आणतात; दुसऱ्या प्रकारचे जिवाणू मातीतील नत्र पुन्हा हवेत सोडतात. स्फुरदाचे तसे नाही. ते खडक झिजून मातीत येते आणि हवेत त्याचे भांडार नाही. एकदा ते पाण्याबरोबर उतारावरून समुद्राकडे गेले की परतीची वाट भूगर्भाच्या हालचालींची, म्हणजे लक्षावधी वर्षांची. 'चक्र' हा शब्द दोन्हींना लागू पडतो खरा, पण दोन्ही चक्रांचा वेग सारखा मानू नये.

ही चक्रे कोण टिकवून धरते, हे अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातील हबर्ड ब्रुक येथील प्रयोगाने स्पष्ट केले. १९६३ पासून बोरमान, लायकेन्स आणि त्यांचे सहकारी तेथील लहान पाणलोट क्षेत्रांतून ओढ्यांवाटे काय वाहून जाते, हे मोजत होते. १९६५ च्या अखेरीस त्यांनी एका पाणलोटातील सर्व झाडे तोडली, लाकूड तेथेच पडू दिले आणि पुढील तीन उन्हाळे तणनाशक फवारून नवी वाढ होऊ दिली नाही. एकही ओंडका बाहेर नेला नव्हता, तरी ओढ्यातील नायट्रेटचे प्रमाण शेजारच्या अस्पर्श पाणलोटाच्या तुलनेत पहिल्या वर्षी ४० पटींहून अधिक आणि दुसऱ्या वर्षी त्याहूनही अधिक झाले. विघटन चालूच राहिले. मोकळी झालेली द्रव्ये उचलणारी मुळे तेवढी नव्हती. चक्र ही आपोआप फिरणारी गोष्ट नाही. जिवंत मुळे ते धरून ठेवतात.

४.४ राब, पाचट आणि साखर

हे दोन हिशेब आपल्या शेतांना लावून पाहिले की भेद अधिक स्पष्ट होतो. कोकणात व घाटमाथ्यावर भाताच्या किंवा नाचणीच्या रोपांसाठी राब भाजतात : झाडांच्या तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा, शेण, गवत यांचे थर वाफ्याच्या जागी रचून पावसापूर्वी पेटवतात. त्या आगीत फांद्यांनी अनेक महिने बांधून ठेवलेली ऊर्जा काही तासांत उष्णता होऊन जाते आणि बहुतांश नत्रही धुरावाटे हवेत जाते. राखेत पालाश, चुना, थोडे स्फुरद उरते. तणांचे बीही मरते. म्हणजे रानभर पसरलेली खनिजे एका वाफ्यात गोळा होतात. वाफ्यापुरता हा व्यवहार लाभाचा आहे. रानाच्या बाजूने पाहिले तर तो उसनवारीचा आहे, आणि तोडीला पुरेशी विश्रांती मिळाली तरच ती फिटते. राबाला नुसते अडाणीपणाचे लेबल लावणाऱ्यांनी हिशेबाची पहिली बाजू पाहिलेली नसते. त्याचे सरसकट गोडवे गाणाऱ्यांनी दुसरी.

उसाचे उदाहरण याहून बोलके आहे. साखर ही कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन या तीनच मूलद्रव्यांची बनलेली असते. म्हणजे बाजारात जाणाऱ्या शुद्ध साखरेच्या पोत्यात हवा, पाणी आणि बांधलेले ऊन असते. जमिनीतील नत्र, स्फुरद, पालाश त्यात जवळजवळ नसते. जमिनीचे देणे उरते ते तोडणीनंतर फडात पडलेल्या पाचटात, कारखान्यातील प्रेसमडमध्ये आणि मळीत. पाचट पेटवले की त्यातील नत्राचा बहुतेक भाग जातो. सरीत कुजू दिले की मातीत राहतो. प्रेसमडमध्ये स्फुरद, मळीत पालाश. ती ज्या फडातून आली त्या फडात परतली तर चक्र पुरे होते. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरलेले सांडपाणी ओढ्यात सोडले तर तेच पालाश पाण्याचे प्रदूषण ठरते, आणि शेतकऱ्याला पालाशयुक्त खताची गोणी विकत आणावी लागते. साखरेतील ऊर्जा मात्र चहाच्या कपातून कोणाच्या तरी शरीरात जाऊन उष्णता होते, आणि ती फडाकडे परत आणण्याचा कोणताही मार्ग नाही. फडाला त्याची गरजही नाही. तेथे दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन पडलेले असते.