‘सन्मानपूर्वक शांतता’ : घोषणा आणि वास्तव

करार जनतेपुढे कसा मांडावा, हे पुष्कळदा करारावर सह्या होण्यापूर्वीच ठरत असते. व्हिएतनाम युद्धाची अखेर हे त्याचे बोलके उदाहरण होय. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन व त्यांचे सल्लागार हेन्री किसिंजर यांचे ३ ऑगस्ट १९७२ चे संभाषण ध्वनिफितीवर उपलब्ध आहे. दक्षिण व्हिएतनाम बहुधा टिकणार नाही, अशी शंका निक्सन व्यक्त करतात. एकदोन वर्षे निभावून नेईल असे सूत्र शोधावे, पुढे त्याचे कोणालाच सोयरसुतक उरणार नाही, असे किसिंजर सुचवतात.

निवडणुकीला बारा दिवस उरले असताना, २६ ऑक्टोबर रोजी, शांतता हाताशी आल्याचे किसिंजर यांनी जाहीर केले. वस्तुतः दक्षिणेचे कॅथलिक राष्ट्राध्यक्ष थिऊ यांना तो मसुदा मान्य नव्हता. कारण उत्तरेचे सैन्य दक्षिणेतच राहणार होते. डिसेंबरमध्ये हनोईवर पुन्हा भीषण बॉम्बवर्षाव झाला. २७ जानेवारी १९७३ रोजी पॅरिसमध्ये सह्या झाल्या. निक्सन यांनी या कराराला ‘सन्मानपूर्वक शांतता’ म्हटले. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले.

शांततेची घोषणा कानी येताच म्हणूनच एक प्रश्न विचारावा : ज्यांच्या अंगणात ती नांदायची आहे, त्यांना कोणी विचारले होते काय?