आजोबांचं कलम आणि कोयतीची भीती

कोकणात चाळीस-पन्नास वर्षांची, आभाळाला भिडलेली हापूसची कलमं घरोघर आहेत. मालक मुंबईला, बाग बघायला कोणी नाही. छाटणीचा विषय निघाला की घरातलं वडीलधारं माणूस म्हणतंच, "आजोबांनी लावलंय, हात लावू नका. कापलंत तर मरेल."

निरोगी कलम छाटल्याने मरत नाही. जाड फांद्यांच्या सालीखाली सुप्त डोळे असतात. वरचा भार गेला की तेच फुटतात. कलम मरतं ते बहुतेकदा खोडकिड्याने. त्याची अळी आतून लाकूड पोखरते आणि बुंध्याशी भुसा पडतो. म्हणून कोयती उचलण्याआधी बुंधा बघा. छिद्र दिसलं तर तारेच्या आकड्याने अळी ओढून काढा. खोडच पोकळ झालं असेल, तर मात्र जबर छाटणीच्या नादाला लागू नका.

झाड मोठं तितके आंबे जास्त, हाही भ्रमच. मोहोर येतो जून काडीच्या टोकाला, आणि तोही जिथे ऊन लागतं तिथे. दाट कलमाखाली उभं राहून वर पाहा: आत नुसत्या उघड्या फांद्या, हिरवं काय ते शेंड्याला. म्हणजे फळ धरतं तिथे ना झेला पोचत, ना फवारा. तुडतुड्यांना मात्र आतली दमट सावली फार मानवते. त्यामुळे आधी मधली उभी वाढलेली फांदी काढून ऊन आत घ्यायचं, मग वाळलेलं, एकमेकांवर घासणारं आणि बांडगुळाने धरलेलं. बांडगूळ नुसतं ओरबाडून जात नाही. त्याच्या खालून फांदीच कापावी लागते. हे सगळं एका वर्षात उरकायची घाई नको. दरवर्षी साधारण तिसरा हिस्सा, असं तीन वर्षांत करावं.

काप खोडाशी अगदी सपाट घेतला की जखम लवकर भरते, असं चांगले जाणते गडीही सांगतात. पण ते खरं नाही. अमेरिकेच्या वनसेवेतले संशोधक ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून पाहिली. झाड कुजलेला भाग दुरुस्त करत नाही, आतून आड घालून तो वेगळा पाडतं, हे त्यांनी दाखवलं. फांदीच्या बुडाशी जी फुगीर कड असते, ती यासाठी फार मोलाची. कड खोडावर राखायची आणि तिच्या लगेच बाहेर कापायचं. खुंटही ठेवायचा नाही. जड फांदी तीन कापांत उतरवावी. पहिला काप खोडापासून हातभर दूर, खालून, थोडासाच. दुसरा त्याच्या जरा पुढे, वरून. इथे फांदी पडते. तिसरा कडेपाशी. एकदम वरूनच कापलं, तर पडणारी फांदी खालची साल बुंध्यापर्यंत सोलून नेते आणि ती जखम वर्षानुवर्षं पुरते.

कापावर शेण किंवा डांबर फासण्यापेक्षा बोर्डो मलम बरं: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. भांडं लोखंडाचं नको. उघड्या पडलेल्या जाड फांद्यांना चुना लावा, नाहीतर ऊन साल भाजतं. आणि हे काम भर पावसात काढू नका. ओल्या जखमेत बुरशी शिरते. पाऊस सरून हवा कोरडी होऊ द्या.

यानंतर खरं काम सुरू होतं आणि नेमकं तिथेच लोक पाठ फिरवतात. प्रत्येक कापाशी धुमाऱ्यांचा झुबका फुटतो. "बघा कसं तरारलं!" म्हणून ते सगळे ठेवले, की चार वर्षांत पुन्हा तोच अंधार. बाहेरच्या बाजूला वळलेले तीन-चार जोमदार ठेवा, बाकीचे कोवळे असतानाच काढा. युरियाचा मारा केलात तर नुसता पाला वाढेल. जबर छाटलेल्या फांद्यांवर पहिल्या वर्षी आंब्यांची आशा धरू नका. नव्या फुटीवर फळ धरायला दोन-तीन वर्षं लागतात.

बाग मोठी असेल तर यंदा दोन-तीनच कलमं घ्या. आणि छाटायला येणाऱ्याला आधी विचारा, तिसरा काप कुठे घेणार? त्याला सांगता आलं नाही, तर दुसरा माणूस शोधा.