भरलेली पाण्याची बाटली

किशोरवयीन रुग्ण आपल्याकडे येतो तेव्हा बहुधा दोन तक्रारी घेऊन येतो. एक आई सांगते. दुसरी कोणीच सांगत नाही. पहिलीची तपासणी करता येते. दुसरीसाठी मात्र वेळ, बंद दार आणि थोडा विश्वास लागतो. आपल्या स्मरणिकेत मधुमेह, हृदयविकार, सांधेदुखी यांवर वाचनीय लेख नेहमीच येतात. या वेळी मात्र ज्या विषयावर आपल्या घरांत आणि दवाखान्यांतही मौनच पाळले जाते, त्यावर लिहावे असे वाटले. समलिंगी कल असलेल्या एका मुलाचे मोठे होणे मी बालरोगतज्ज्ञ या नात्याने जवळून पाहिले. तो आज सज्ञान आहे. त्याच्या व त्याच्या आईवडिलांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, हे लिहीत आहे.

२०१६ साली वडिलांची बदली खानदेशातून वडोदऱ्यास झाली आणि मुलगा येथील एका शाळेत नववीत दाखल झाला. नववी हे शाळा बदलण्यास अवघड वर्ष. मैत्रीची वर्तुळे तोवर पक्की झालेली असतात. त्यातून वर्गात इंग्रजी, मधल्या सुट्टीत गुजराती आणि घरी मराठी. तरीही पहिले दोन-तीन महिने बरे गेले. नवरात्र आले. गावाकडे नाचण्याची हौस असल्याबद्दल त्याची थट्टा होत असे. येथे गरब्यात सगळेच मुलगे रंगून जातात, त्यामुळे या नव्या मुलाची पावले पाहून वर्गमित्रांनी त्याला आपल्यात ओढून घेतले. त्याच दिवसांत एक जवळचा मित्र मिळाला. त्या मित्रास विश्वासाने त्याने आपल्या मनातले सांगितले: आपल्याला मुलींविषयी नव्हे, मुलांविषयी ओढ वाटते. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा ही गोष्ट वर्गभर झाली होती.

माझ्याकडे तो आला तो पोटदुखीसाठी. आई सांगत होती, "डॉक्टर, शाळेच्या दिवशीच दुखते हो; रविवारी काही नाही." जंताचे औषध देऊन झाले होते, सोनोग्राफी निर्दोष होती. वजन घटलेले नव्हते, रात्री झोपेतून उठवणारी वेदना नव्हती, ताप नव्हता. मात्र लघवीला जळजळ होती, लघवी गडद होती आणि डाव्या कुशीत कडक मळ हाताला लागत होता. "पाणी किती पितो?" असे विचारले, तेव्हा आई सहज म्हणाली, "बाटली नेतो तशी भरलेलीच परत आणतो." निदानाची किल्ली त्या बाटलीत होती. जो मुलगा दिवसभर पाणी पीत नाही, तो बहुधा दिवसभर स्वच्छतागृहात जाणे टाळत असतो. ते का टाळतो, हा पुढचा प्रश्न.

मी आईला बाहेर बसण्याची विनंती केली. मुलाला प्रथम गोपनीयतेचा नियम सांगितला: तू सांगशील ते माझ्याजवळ राहील, फक्त तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कोणी तुझ्यावर अत्याचार करीत असेल, तर मला मोठ्यांना सांगावे लागेल, पण तेही तुला आधी सांगूनच. किशोरवयीन मुलांशी बोलण्याचा एक सर्वमान्य क्रम आहे: आधी घर, मग शाळा, छंद, मित्र, व्यसने, आणि शेवटी लैंगिकता व मनःस्थिती. सोप्याकडून अवघडाकडे जावे. "वर्गात कोणी आवडते का?" एवढेच विचारले, "मुलगी" हा शब्द जाणूनबुजून वापरला नाही. बराच वेळ तो टेबलाच्या काचेवर बोट फिरवीत राहिला. मग सारे सांगितले. स्वच्छतागृहात चार-पाच मुले दार अडवून उभी राहत, नावे ठेवीत, आत गेला की बाहेरून कडी लावीत. अंगाला कोणी हात लावला का, हेही मी विचारले, कारण तसे असते तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणे मला बंधनकारक होते. तसे नव्हते. शेवटी त्याने विचारले, "डॉक्टरकाका, याला काही औषध आहे का?"

मी म्हटले, "पोटदुखीला आहे. दुसरा आजारच नाही, मग त्याला औषध कसे असेल?"

त्यानंतर जगणे नको वाटते का, हे सरळ विचारले. असे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही समजूत निराधार आहे. विचारल्याने उलट ओझे हलके होते. त्याने मान हलवली. तसे विचार दोनदा येऊन गेले होते. मी त्याला सांगितले की एवढा भाग आईवडिलांना सांगणे मला भाग आहे. बाकीचे कधी आणि कसे सांगायचे, ते तू ठरवशील. तो तयार झाला. घरातील औषधे कुलपात ठेवणे, त्याला एकटे न सोडणे, दुसऱ्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांची भेट हे त्याच दिवशी ठरले. शाळेस मी पत्र दिले, त्यात त्याच्या लैंगिक कलाचा उल्लेखही केला नाही. दहशतीमुळे विद्यार्थी लघवी अडवून धरतो, त्यास शिक्षकांच्या स्वच्छतागृहाची मुभा द्यावी आणि मधल्या सुट्टीत तेथे देखरेख असावी, एवढेच लिहिले. एका शिक्षिकेने ते मनावर घेतले. तीन आठवड्यांत बाटली रिकामी परत येऊ लागली.

आईवडिलांना त्याने स्वतः सांगितले, दोन महिन्यांनी, माझ्या खोलीत. आई रडली, पण तिने त्याचा हात सोडला नाही. वडील गप्प राहिले. पुढल्या आठवड्यात ते एकटेच आले. खिशात "खात्रीशीर उपचारा"च्या जाहिरातीचे कात्रण होते. एका नातेवाइकाचा सल्लाही त्यांनी सांगितला: वेळीच लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल. मी त्यांना त्या दिवशी जे सांगितले, ते आपणा सर्वांस ठाऊक असावे म्हणून येथे मांडतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेने १९७३ सालीच समलिंगी कल मानसिक आजारांच्या यादीतून वगळला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातून तो वगळण्यास १७ मे १९९० रोजी मान्यता मिळाली. संगोपनातील चुकीमुळे किंवा वाईट संगतीमुळे असा कल निर्माण होतो, याला आधार नाही. तो बदलण्याचे प्रयत्न मात्र नैराश्य आणि आत्मघाताकडे नेतात. आणि लग्नाने तर एका दुःखाची दोन दुःखे होतात, कारण दुसऱ्याच्या निरपराध मुलीचेही आयुष्य त्यात ओढले जाते.

घरच्यांच्या वागण्याने किती फरक पडतो, याचा एक पुरावा मी त्यांच्यापुढे ठेवला. २००९ साली "पेडियाट्रिक्स" या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात, ज्या तरुणांना घरातून तीव्र नकार मिळाला होता त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाचे प्रमाण, ज्यांना नकार अत्यल्प वा मुळीच मिळाला नव्हता त्यांच्या तुलनेत, आठ पटींहून अधिक आढळले. वडिलांनी कात्रणाची घडी केली आणि ते माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. जाताना म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मला पटायला वेळ लागेल. पण त्याला त्रास होईल असे माझ्याकडून काही होणार नाही." माझ्या मते पित्याकडून त्या दिवशी याहून अधिक अपेक्षा करणे योग्य नव्हते.

तेव्हा कायदाही प्रतिकूल होता. भारतीय दंडसंहितेचे कलम ३७७ दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्दबातल ठरवले, पण २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. आपल्या जवळच्याच राजपीपळ्याच्या राजघराण्यातील मानवेंद्रसिंह गोहिल यांनी २००६ मध्ये स्वतःविषयी जाहीरपणे सांगितले, तेव्हा केवढी चर्चा झाली, हे येथील जुन्या मंडळींना आठवत असेल. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. आमचा मुलगा तेव्हा अकरावीत होता. त्या संध्याकाळी घरी बातम्या पाहताना वडिलांनी दूरचित्रवाणीचा आवाज कमी करण्याऐवजी वाढवला, असे त्याने मला नंतर सांगितले. मोठेपणाची पायरी त्या दिवशी मुलगा चढला की वडील, हे मला सांगता येणार नाही.

सर्व अडचणी संपल्या असे नव्हे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला. तरुणांशी बोलताना हे त्यांच्यापासून लपवू नये. मात्र डॉक्टर म्हणून आपली कर्तव्ये आता स्पष्ट आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करण्यास मनाई केली आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कल बदलण्याचे "उपचार" हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे कळवले आहे. तेव्हा असा उपचार करणेच नव्हे, तर त्यासाठी कोणाकडे चिठ्ठी देणेही आपणास शोभणारे नाही.

मित्रहो, बारा ते अठरा वयाचा रुग्ण वारंवार डोके, पोट वा छाती दुखते म्हणून येत असेल आणि तपासण्या निर्दोष असतील, तर पाच मिनिटे पालकांना बाहेर बसवावे. गोपनीयतेचे वचन आधी द्यावे आणि ते पाळावे. मुलाचे गुपित त्याच्या परवानगीवाचून घरी सांगू नये, केसपेपरवरही मोठ्या अक्षरांत लिहू नये. आणि वाचक पालकांना एवढीच विनंती, की मुलगा वा मुलगी असे काही सांगू लागली तर पहिले वाक्य "आम्ही तुझे आहोत" हे असू द्यावे. प्रश्न नंतर विचारता येतात. रात्री-अपरात्री धीर सुटला तर १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस ही शासकीय सेवा निःशुल्क उपलब्ध आहे. हा क्रमांक आपल्या प्रत्येकाच्या प्रतीक्षाकक्षात, मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावलेला असावा.