चाकाचे नट कोरडेच बरे

पावसाळा संपल्यावर चाक काढायला घ्यावं, तर गंजलेला नट जागचा हलत नाही. कोकणातल्या खाऱ्या हवेत हे नेहमीचंच. पुढच्या वेळी असा त्रास नको म्हणून आट्यांना ग्रीस किंवा इंजिन ऑइल चोपडायचा मोह होतो. हेतू चांगला असला, तरी बहुतेक मोटारींच्या बाबतीत हे करू नये.

नट आवळताना पान्यावर आपण जो जोर लावतो, त्यातला जवळजवळ निम्मा नटाच्या बुडाशी, रिमवर घासण्यातच संपतो. सुमारे 40 टक्के आट्यांमधलं घर्षण खातं. उरलेल्या दहाएक टक्क्यांनी स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आटेदार दांडा, ताणला जातो, आणि चाक धरून ठेवतो तो हा ताणच. नीट आवळलेला स्टड मिलिमीटरच्या जेमतेम विसाव्या भागाइतका लांबतो आणि पुन्हा आखूड होऊ पाहताना रिमला हबवर दाबून धरतो. 12 मिलिमीटरच्या कोरड्या स्टडवर 100 न्यूटन-मीटर टॉर्क लावला, तर हा दाब चार टनांच्या घरात जातो, तोही एकेका नटाचा! गाडीचं वजन, ब्रेकचा झटका, खड्ड्यातला दणका हे सगळं या दाबामुळे रिम आणि हब यांच्यात निर्माण होणारं घर्षण पेलतं.

आता आट्यांना तेल लावा. घर्षण घटलं, पान्यावरचा जोर मात्र तेवढाच राहिला. वाचलेला जोर थेट स्टड ताणण्यात जातो आणि चाराचे सहा टन होऊ शकतात. 8.8 या ताकदीच्या प्रतीच्या, बारीक आट्यांच्या 12 मिलिमीटर बोल्टची किंवा स्टडची मर्यादा साडेपाच टनांच्या आसपास असते. त्यापलीकडे पोलाद कायमचं लांबायला लागतं. त्याहून मजबूत 10.9 प्रतीचा बोल्ट हे सोसेल. पण सत्तर किलोच्या माणसाने पाव मीटर लांबीच्या पान्यावर उभं राहायचं ठरवलं, तर टॉर्क पावणेदोनशेच्या जवळ जातो. मग तेलकट आट्यांचा तोही बोल्ट टिकणार नाही. गाडीसोबत मिळणारा एल-पाना त्याच लांबीच्या आसपास असतो. त्याच्या टोकावर हातांनी साधारण 40 किलोचा भार दिला, की 100 न्यूटन-मीटर होतात. पाय द्यायची गरजच नाही.

सैल नटही तितकाच वाईट. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 मध्ये दाखवून दिलं, की आडव्या हादऱ्यांनी जोडातले भाग एकमेकांवर सरकू लागले, की नट आपोआप उलटा फिरतो. सरकणं थांबवायला पुरेसा ताण हवा. म्हणूनच हबचा आणि रिमचा टेकणारा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने गंज काढून स्वच्छ करणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मध्ये गंजाचा पापुद्रा राहिला, तर काही किलोमीटरांत तो चुरडतो आणि ताण उतरतो. आटेही ब्रशने साफ करावेत, पण कोरडेच ठेवावेत. अलॉय चाक हबला चिकटून बसत असेल, तर मधल्या गोल उंचवट्याला ग्रीसचा अगदी पातळ हात चालतो. आट्यांना आणि नटाच्या निमुळत्या बैठकीला नाही.

अपवाद आहेत. काही जड ट्रकांच्या वॉशरवाल्या नटांना तेलाचे थेंब द्यायला उत्पादकच सांगतात, पोर्शेच्या बोल्टनाही खास पेस्ट लागते. तिथे टॉर्कचा आकडा तेल धरूनच ठरवलेला असतो. मॅन्युअलमध्ये वंगणाचा उल्लेख नसेल, तर आकडा कोरड्या आट्यांचा समजावा. लहान गाड्यांना तो साधारण 100 ते 120 न्यूटन-मीटर असतो.

पंक्चरच्या दुकानात एअर गनने धडाधड नट आवळले जातात. त्यात किती टॉर्क लागला, हे गन चालवणाऱ्यालाही कळत नाही. त्याला सांगा, नट आधी हाताने फिरवून बसव, गाडी जॅकवरून उतरव आणि शेवटचा पीळ समोरासमोरचे नट घेत टॉर्क रेंचनेच दे. 50 ते 100 किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा एकदा तपासून घ्या.