विमानाची प्रदक्षिणा

दिवाळीत गिरगावच्या चाळींतून मुले मातीचे किल्ले रचतात. लालबाग-परळच्या मूर्तिकारांच्या हाताखाली मोठ्या मूर्तीचे रूप आधी लहान नमुन्यात उतरते. मोठी वस्तू लहान मापात उभी करण्याची हौस आपल्या भागाला नवी नाही. याच हौसेची एक शाखा म्हणजे जुन्या लढाऊ विमानांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती. अशी प्रतिकृती करणाऱ्याला विमानाची छायाचित्रे लागतात. ती कशी घ्यावीत, आणि ती घेणे हा निव्वळ पोरखेळ का नव्हे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम प्रमाणाचा विचार करू. विमानांच्या प्रतिकृतींत 1:72 हे प्रमाण फार रूढ आहे. हा आकडा चमत्कारिक वाटतो; पण त्याचा अर्थ सोपा आहे. सहा फुटांचे 72 इंच होतात. म्हणजे या प्रमाणात सहा फूट उंचीचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची आणि आपली विमाने ओळखण्याच्या शिक्षणासाठी या मापाची मॉडेले वापरीत. 1942 मध्ये अमेरिकेच्या नौदलाने तर ती शाळकरी मुलांकडून करवून घेतली. अर्ध्या मैलावरचे खरे विमान आणि सुमारे 37 फुटांवरचे हे मॉडेल डोळ्याला सारख्याच आकाराचे दिसते. खेळण्यासारखी दिसणारी वस्तू अशी युद्धाच्या कामी आली.

आता आपल्या जवळचेच उदाहरण घेऊ. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात ‘मारुत’ हे विमान ठेवलेले आहे. भारतात विकसित झालेले हे पहिले जेट लढाऊ विमान. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्याचा आराखडा झाला, आणि 17 जून 1961 रोजी सुरंजन दास यांनी त्याचे पहिले उड्डाण केले. एकूण 147 मारुत बांधली गेली. 1971 च्या युद्धात ती राजस्थानच्या आघाडीवर लढली. या विमानाची लांबी 15.87 मीटर आणि पंखांचा विस्तार 9 मीटर. 1:72 च्या प्रमाणात लांबी होते सुमारे 22 सेंटिमीटर आणि विस्तार साडेबारा सेंटिमीटर. म्हणजे सारे विमान एका वहीवर मावेल.

या विमानासमोर उभा राहणारा सामान्य माणूस काय करतो? आपल्या मुलाला पुढे उभे करतो आणि नाकाच्या बाजूने एक ऐटदार चित्र घेतो. त्यात काही वाईट नाही. पण प्रतिकृतिकाराला त्या चित्राचा उपयोग थोडा. त्याला सौंदर्य नको, माहिती हवी. चाकाच्या खळग्यात नळ्या कशा गेल्या आहेत, हवा आत घेणाऱ्या तोंडाची कड किती जाड आहे, पत्र्यांचे सांधे कोठे मिळतात, हे त्याला पाहावयाचे असते.

म्हणून पहिला नियम असा की, शक्य तितके दूर जावे आणि लांब पल्ल्याचे भिंग वापरावे. याचे कारण गणिताने पटेल. समजा, आपण मारुतच्या मध्यरेषेपासून 10 मीटरवर, बाजूला उभे आहोत. अलीकडच्या पंखाचे टोक आपल्यापासून साडेपाच मीटरवर येते आणि पलीकडचे साडेचौदा मीटरवर. अर्थात जवळचे टोक दूरच्यापेक्षा अडीचपटीहूनही मोठे उमटते. तेच 40 मीटरवर गेलो, तर हा फरक केवळ सव्वापट राहतो. हातातल्या मोबाइलचे नेहमीचे भिंग रुंद दृष्टीचे असते. जवळून घेतलेल्या चित्रात नाक फुगते आणि शेपूट आखडते. अशा चित्रावरून कोणी माप काढील तर तो फसेल. जागा अपुरी असेल, तर एकाच चित्राचा हट्ट सोडावा आणि विमानाला समांतर सरकत सरकत, एकमेकांवर थोडी चढणारी अनेक चित्रे घ्यावीत.

दुसरा नियम क्रमाचा. देवळात आपण प्रदक्षिणा घालतो, तशी विमानाला घालावी. नाकापासून निघून उजव्या पंखावरून शेपटीकडे आणि डाव्या बाजूने परत नाकाशी यावे. उड्डाणापूर्वी वैमानिकही विमानाभोवती अशीच फेरी मारून तपासणी करतो. आधी पूर्ण विमान, मग एकेक भाग, मग बारकावा. प्रत्येक बारकाव्याआधी तो भाग कोठला हे दाखवणारे एक चित्र अवश्य घ्यावे. नाहीतर घरी आल्यावर ही खिट्टी डाव्या चाकाची की उजव्या, हे उलगडत नाही.

तिसरा नियम मापाचा. परवानगी असेल तेथे दहा-दहा सेंटिमीटरचे काळे-पांढरे पट्टे असलेली फूटपट्टी चित्रात धरावी. मात्र ती ज्या भागाचे माप हवे त्याच पातळीत असली पाहिजे. हातभर पुढे धरलेली पट्टी खोटे सांगते. येथे एक गोष्ट ध्यानात यावी. पाच मिलिमीटरचा रिव्हेट 1:72 मध्ये मिलिमीटरच्या चौदाव्या भागाएवढा होतो. मॉडेलवर टपोरे रिव्हेट उठवले, तर ते खऱ्या विमानावर बशीएवढे झाल्यासारखे दिसतात. काय दाखवावे याइतकेच काय गाळावे हेही माप शिकवते.

चौथा नियम उजेडाचा. मुंबईच्या भर दुपारी विमानाची पाठ चकाकते आणि पोट काळोखात बुडते. ढगाळ दिवस या कामाला उत्तम. तो न मिळाला, तर सकाळी लवकर जावे. पोटाखालच्या खळग्यांसाठी पांढरा पुठ्ठा जमिनीवर ठेवला तरी पुष्कळ उजेड वर फेकला जातो. रंगासाठी एखाद्या चित्रात करड्या रंगाचे साधे कार्ड धरावे. त्याच्या आधाराने पुढे रंगाची छटा सुधारता येते.

एवढे करूनही एक सावधगिरी उरते. संग्रहालयातले विमान हे सेवेतले विमान नव्हे. त्याची हत्यारे व उपकरणे काढलेली असू शकतात, टायर बसके झालेले असतात, तोंडे पत्र्याने बंद केलेली असतात. रंग तर शेवटच्या रंगाऱ्याने दिलेला असतो. इतिहासाचा अभ्यासक एका कागदावर विसंबत नाही. तो दुसरा कागद शोधतो. प्रतिकृतिकारानेही आपले चित्र त्या काळच्या छायाचित्राशी ताडून पाहावे. आकाराला संग्रहालयाची साक्ष घ्यावी, रंगाला व चिन्हांना त्या काळची.

कायद्याचेही भान हवे. 1923 च्या शासकीय गुपिते कायद्यानुसार संरक्षणाच्या प्रतिबंधित जागांची छायाचित्रे किंवा रेखाटने काढणे हा गंभीर गुन्हा ठरू शकतो. आपले क्षेत्र संग्रहालयांचे. आणि तेथेही आधी विचारावे.

आता मूळ प्रश्न : हा खटाटोप कशासाठी? उत्तर आपल्या बंदरातच आहे. ‘विक्रांत’ ही आपली पहिली विमानवाहू नौका 1961 मध्ये नौदलात आली. 1971 च्या डिसेंबरात तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. 1997 मध्ये ती निवृत्त झाली. 2001 पासून 2012 पर्यंत ती संग्रहालय म्हणून मुंबईत उभी होती. अनेक मुंबईकर मुलांनी तिच्या डेकवर पाय ठेवला. ती राखावी म्हणून लोक न्यायालयापर्यंत गेले. पण 2014 मध्ये, लालबागपासून फारशा दूर नसलेल्या दारूखान्यात, ती मोडावयास घेतली गेली. आज तिच्या एखाद्या जिन्याचा कठडा कसा होता हे कोणाला हवे असेल, तर आराखडे आणि कोणीतरी घेतलेली चित्रे यांखेरीज आधार नाही.

विमानांचीही हीच गत आहे. गोव्यात बोगमाळोजवळ नौदलाच्या विमान संग्रहालयात सी हॉक, अलिझे, सी हॅरियर ही विमाने आहेत. त्यांतली पुष्कळशी उघड्यावर असतात, आणि कोकणचा पाऊस व खारे वारे अॅल्युमिनियमला सोडत नाहीत. डागडुजी होते, पण प्रत्येक नव्या रंगाबरोबर एखादे जुने अक्षर बुजते. ते आज टिपले नाही, तर पुढे टिपता येणार नाही.

म्हणून शेवटची सूचना अगदी साधी. प्रत्येक चित्रासोबत तारीख, जागा, विमानाचा क्रमांक आणि कोणती बाजू एवढे लिहून ठेवावे. आपल्याजवळ एक प्रत ठेवून दुसरी दुसऱ्या कोणापाशी द्यावी. नाव-तारीख नसलेले चित्र दहा वर्षांनी कोणालाच काही सांगत नाही. चार ओळींची नोंद असलेले चित्र मात्र, विमान मोडीत गेल्यावरही, एखाद्या मुलाला त्याचा पंख नेमका कसा होता हे सांगू शकेल.