मातीतला पैलवान गादीवर का अडखळतो? दोन्ही कुस्त्यांचा हिशोब समजून घ्या

जत्रेच्या फडात ज्या पोराने समोरचा गडी दोन मिनिटांत आस्मान दाखवून पाडला, हलगीच्या तालावर ज्याला खांद्यावर घेऊन फिरवलं, तोच पोरगा तालुक्याच्या शालेय स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरून घरी येतो. कुस्तीचा नाद असलेल्या गावांना हे चित्र नवीन नाही. मग पारावर चर्चा रंगते. कुणी म्हणतं पंचांनी घात केला, कुणी म्हणतं गादीवरची कुस्ती ही कुस्तीच नव्हे. पोरगं मात्र आठवडाभर तालमीकडे फिरकत नाही. काही जण तर परत कधीच येत नाहीत.

खरं तर बहुतेक वेळा पंचांचाही दोष नसतो आणि पोराचाही नसतो. त्याला एका कुस्तीचे नियम माहीत असतात आणि उतरवलेलं असतं दुसऱ्या कुस्तीत. डाव तेच, पण हिशोब वेगळा. हा हिशोब पैलवानाच्या घरच्यांनी आणि गावाने एकदा समजून घेतला, तर माती विरुद्ध गादी हे भांडण निम्मं मिटेल.

मातीची रीत

आपल्याकडचा आखाडा म्हणजे चाळलेली तांबडी माती. त्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ केलेली असते. अंगावर लंगोट, पाय अनवाणी. जत्रेत पंच दोघांची अंगकाठी बघून जोड लावतात. लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी सुरुवात होते आणि शेवटी मोठ्या इनामाची कुस्ती.

इथे निकाल एकच, तो म्हणजे चितपट. पाठ मातीला लागली की खेळ संपला. तोवर कितीही वेळ खडाखडी चालते. खाली आलेला पैलवान पोटावर घट्ट पडून राहिला तर तो हरत नाही. दम धरतो, वरच्याला दमवतो आणि संधी साधून उठतो. मातीत ही हुशारी समजली जाते. दोघंही तुल्यबळ निघाले तर कुस्ती बरोबरीत सोडवतात.

गादीचा हिशोब

गादीवर म्हणजे मॅटवर नऊ मीटर व्यासाचं वर्तुळ असतं. एक पैलवान लाल, दुसरा निळ्या कॉस्च्युममध्ये, पायात कुस्तीचे बूट. मोठ्यांची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. १७ वर्षांखालच्या मुलांना दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या. जोड अंगकाठी बघून नाही, वजन करून लागते.

फ्रीस्टाइलमध्ये गुण साधारण असे मिळतात:

- एकेरी किंवा दुहेरी पट काढून समोरच्याला खाली आणून ताबा घेतला, तर २ गुण.
- खाली असलेल्याला भारंदाज मारून पाठ गादीकडे फिरवली, तर प्रत्येक वेळी २ गुण.
- उभ्या कुस्तीतून कलाजंग किंवा ढाक मारून थेट पाठीवर आणला, तर ४ गुण. उंचावरून मोठी फेक असेल तर ५.
- खालच्याने पलटी मारून वर येत ताबा मिळवला, तर १ गुण.
- समोरच्याला वर्तुळाबाहेर रेटलं, तर १ गुण.

जो नुसता बचाव करतो त्याला पंच आधी समज देतात. त्यानंतरही तो तसाच राहिला तर त्याला तीस सेकंदांची मुदत मिळते. तेवढ्यात त्याला गुण घेता आला नाही, तर समोरच्याला १ गुण जातो. दोघांत १० गुणांचं अंतर पडलं की कुस्ती तिथेच थांबते. गुण समान झाले तर मोठ्या डावाचे गुण कोणाकडे जास्त ते बघतात, मग ताकीद कोणाला कमी मिळाली ते, आणि तरीही फिट्टंफाट असेल तर शेवटचा गुण घेणारा जिंकतो.

गादीवर ग्रीको-रोमन असाही एक प्रकार आहे. त्यात कमरेच्या खाली धरता येत नाही आणि पायाचा डावही चालत नाही.

नेमकं कुठे अडतं

पहिली अडचण पोटावर पडून राहण्याची. मातीत जो बचाव आहे, तोच गादीवर तोटा आहे. पट निघाला की २ गुण गेले. त्यानंतर समोरच्याने लागोपाठ चार भारंदाज मारले तर आणखी ८. एक मिनिट व्हायच्या आत १० गुण होतात आणि पंच कुस्ती थांबवतात. पाठ टेकली नसताना आपण हरलो कसे, हे पोराला कळतच नाही.

दुसरी अडचण घड्याळाची. मातीतला गडी समोरच्याचा अंदाज घेण्यातच चार-पाच मिनिटं घालवतो. शाळकरी पोराची गादीवरची सगळी कुस्तीच चार मिनिटांची.

तिसरी अडचण कडेची. आखाड्यात मागे सरकलं तर काही बिघडत नाही. गादीवर पाय वर्तुळाबाहेर पडला की गुण गेला. आणि चौथी म्हणजे पायाखालची जमीन. मातीत पाय रुततो, गादीवर बूट पकड घेतो, त्यामुळे पट विजेच्या वेगाने येतो. ताठ उभं राहायची सवय असलेला तिथेच फसतो.

उलटही तितकंच खरं आहे. फक्त गादीवर वाढलेला पैलवान जड मातीत उतरला की लवकर दमतो. तिथे ना कडा, ना शिट्टी, ना मध्ये विश्रांती. आखाडा खणून, जोर-बैठका मारून आलेली मनगटाची पकड आणि दमसास ही मातीची देणगी आहे.

आणि एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच. गादीवर गुणांत कितीही मागे पडलेला पैलवान समोरच्याचे दोन्ही खांदे टेकवून क्षणभर दाबून धरू शकला, तर तोच जिंकतो. चितपट हा मातीचा कायदा गादीनेही सोडलेला नाही.

महाराष्ट्र केसरीने दोघांना समोरासमोर आणलं

महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात. दोन्हीकडचे विजेते किताबासाठी एकमेकांशी लढतात. २०१७ साली भूगावला गादीच्या अभिजित कटके यांनी मातीच्या किरण भगत यांना हरवलं. पुढच्याच वर्षी जालन्यात त्याच कटके यांना मातीतून आलेल्या बाला रफिक शेख यांनी हरवलं. म्हणजे एका वर्षी गादी, तर दुसऱ्या वर्षी माती. ज्याची तयारी दोन्हीकडची, त्याला किताबाची संधी जास्त.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे याचं सगळ्यात जुनं उदाहरण. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हा मॅट आणि तिथले नियम त्यांच्या सवयीचे नव्हते. तरी ते सहावे आले. ते मातीला चिकटून बसले नाहीत आणि मातीला विसरलेही नाहीत. चार वर्षांनी, १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. अलीकडे बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचे राहुल आवारे यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं.

मॅट नाही म्हणून अडून बसू नका

चांगली मॅट महाग असते, प्रत्येक गावाला ती परवडणार नाही. पण नियम शिकायला मॅट लागत नाही. आठवड्यातून दोन दिवस आखाड्यात किंवा मऊ मैदानात फक्कीने नऊ मीटरचं वर्तुळ आखा. मोबाइलवर वेळ लावा. एकाने शिट्टी घ्यावी, एकाने गुण लिहावेत. महिनाभरात पोरांना कडा आणि घड्याळ कळायला लागतं.

आसपासच्या चार-पाच गावांनी मिळून शाळेच्या हॉलमध्ये एक मॅट ठेवली तर सगळ्यांचं काम भागतं. व्यायामशाळेसाठी आणि साहित्यासाठी शासनाची अनुदान योजना आहे. तिची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करावी. काही फडांत आता ठरावीक वेळेनंतर कुस्ती गुणांवर सोडवतात. बरोबरीच्या वादापेक्षा हे बरं, आणि गावालाही गुण मोजायची सवय लागते.

नवीन पोरं, आणि पोरीसुद्धा

घरात आजा-पणजा पैलवान असला तरच तालमीत जायचं, असं काही नाही. नवीन पोराला पहिले दोन-तीन महिने नुसतं पडायला, मान वाचवायला आणि उभं राहायला शिकवावं. आल्या दिवशी जुन्या पोरांच्या हाती देऊन त्याला रगडायला लावलं, तर दुसऱ्या दिवशी ते येणार नाही.

पोरींचंही तेच. २०१६ साली साक्षी मलिक यांनी रिओ ऑलिंपिकमध्ये पदक आणलं. २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, ती प्रतीक्षा बागडी यांनी जिंकली. गावच्या तालमीत पोरींसाठी वेगळी वेळ, कपडे बदलायला जागा आणि सोबत एखादी जबाबदार बाई एवढी सोय केली, तरी आई-बाप पाठवायला तयार होतात.

पालकांनी इतकं बघावं:

- नखं कापलेली असावीत. अंगावर नायटा, गजकर्ण असेल तर बरं होईपर्यंत कुस्ती बंद. मॅट रोज पुसलीच पाहिजे.
- वजनगट गाठायला वाढत्या वयाच्या पोरांना उपाशी, तहानलेलं ठेवू नये.
- कान सुजला तर लगेच डॉक्टरला दाखवावा.
- कुणी दिलेली पावडर किंवा इंजेक्शन घेऊ नये. तपासणीत सापडलं तर बंदी येते आणि तब्येतही जाते.
- शालेय स्पर्धेचं प्रमाणपत्र जपून ठेवावं. दहावी-बारावीच्या सवलतीच्या क्रीडा गुणांसाठी किंवा पुढे नोकरीतल्या खेळाडू आरक्षणासाठी नियमात बसलं तर ते कामी येतं.

येत्या जत्रेत फड भरेल, हलगी वाजेल, नारळ फुटेल. त्यात जो पोरगा उठून दिसेल त्याला इनाम द्या, फेटा बांधा. पण दुसऱ्या दिवशी त्याला फक्कीच्या वर्तुळातही उभा करा. तालुक्याला तो हरला तरी का हरला हे त्याला कळलेलं असेल, आणि कळलं की पोरगं तालमीत परत येतं.